रेंड-रेंट-रेंट: फाडण्याचं हे इंग्रजी क्रियापद नेमकं कसं वापरायचं

इंग्रजी पेपरात वारीची नाहीतर गणपती विसर्जनाची बातमी आली की एक वाक्य बरेचदा दिसतं, 'चॅन्ट्स ऑफ गणपती बाप्पा मोरया रेंट द एअर', आणि तिथे भलेभले अडखळतात, कारण रेंट म्हणजे भाडं एवढंच शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं, मग हवेचा आणि भाड्याचा काय संबंध असं वाटतं आणि माणूस तो शब्द सोडून पुढच्या ओळीवर जातो. सोडू नका. तो भाड्याचा रेंट नाहीच आहे. रेंड नावाचं एक जुनं क्रियापद आहे, स्पेलिंग आर-ई-एन-डी, अर्थ फाडणे, आणि त्याचा भूतकाळ रेंट असा होतो. बाप्पाच्या गजराने हवा चिरली, म्हणजे आपण मराठीत म्हणतो तसं आसमंत दणाणून सोडला.

रोजच्या बोलण्यात हे क्रियापद आता कोणी वापरत नाही, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते पण नाही, शर्ट फाटला तर ते टेअर नाहीतर रिप म्हणून मोकळे होतात. लर्नर्स डिक्शनऱ्यांमध्ये रेंडपुढे 'लिटररी' किंवा 'ओल्ड यूज' असा शिक्का असतो. पण वाचनात ते सारखं भेटतं, युद्धाच्या बातम्यांत, कादंबऱ्यांत, अग्रलेखांत, चर्चमधल्या वाचनात, आणि 'हार्ट-रेंडिंग' हा शब्द तर आपण सगळेच वापरतो, फक्त त्याच्या पोटात हेच क्रियापद बसलंय हे लक्षात आलेलं नसतं. माझं काम भाषांतराचं, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची नाही तरी नेहमीची गाठ पडते आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते: डिक्शनरीत 'टू टेअर' असा जो अर्थ दिलेला असतो तो पाठ करून रेंड वापरता येत नाही, तो कुठल्या शब्दांच्या शेजारी बसतो ते पाठ करावं लागतं. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आधी रूपं पक्की करून घ्या

रेंड, रेंट, रेंट. उच्चार बेंड आणि सेंडसारखाच. जुन्या ग्रामरच्या पुस्तकांमागे क्रियापदांचे जे तक्ते असायचे त्यात बेंड-बेंट, सेंड-सेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट या ओळी आठवत असतील, रेंड त्याच रांगेतलं आहे, शेवटचा डी जातो आणि टी येतो. आता कोणी म्हणेल की मग मेंडचं मेंट का नाही, तर नाही होत, मेंड-मेंडेड, ब्लेंड-ब्लेंडेड, टेंड-टेंडेड हे सगळे साधे ईडीवाले आहेत, त्यामुळे नुसत्या यमकावर जाऊ नका, ही पाच एकत्र घोकून टाका. चालू क्रिया दाखवायची तर रेंडिंग, आणि ही-शी-इट असेल तर रेंड्स. 'रेंडेड' कुठेकुठे छापलेलं सापडतं पण तुम्ही लिहू नका, परीक्षेत तर अजिबात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'रेंटेड'चा. 'स्लोगन्स रेंटेड द एअर' असं लिहिलेलं दिसतं, अगदी छापील मजकुरातही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की भूतकाळ आहे तर ईडी लावायलाच हवं. पण रेंट हाच भूतकाळ आहे, त्याला परत ईडी लावलं की ते भाड्याने घेण्याचं क्रियापद होतं आणि वाक्याचा अर्थ घोषणांनी हवा भाड्याने घेतली असा होतो. वाक्यात भाडं नसेल तर रेंटेड नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दोघांचं मूळही वेगळं आहे. रेंड हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द, तिथे तो रेंडान असा होता, फाडणे किंवा कापणे या अर्थाने. भाड्याचा रेंट मात्र फ्रेंचमधून आलाय आणि त्याच्या मुळाशी परत देणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. रेंडर हा शब्द पण त्याच फ्रेंच-लॅटिन घराण्यातला, सेवा देणे, मदत देणे, आर्किटेक्ट लोक काँप्युटरवर चित्र काढून देतात ते रेंडरिंग, आणि स्वयंपाकात चरबी मंद आचेवर वितळवून काढतात त्यालाही रेंडर म्हणतात. म्हणजे रेंड आणि रेंडर दिसायला भाऊ वाटले तरी त्यांचं काहीही नातं नाही. हे सांगायचं कारण असं की 'हार्ट-रेंडरिंग' असं लिहिणारे खूप आहेत, आपल्याकडेच नाही, इंग्लंड-अमेरिकेतही आहेत, आणि ते चूक आहे. काळीज फाडणारं ते हार्ट-रेंडिंग, मध्ये दुसरा आर नाही.

रेंट हे नामही आहे, चीर, फाटून पडलेलं भोक, तंबूला पडलेली फट, ढगांमधली फट सुद्धा. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये सीझरच्या खुनानंतर अँटनी त्याचा झगा लोकांपुढे धरतो आणि कुणाचा खंजीर कुठून आत गेला ते एकेक भोक दाखवतो, तिथे कास्काने पाडलेल्या चिरीला हाच रेंट शब्द आहे. शाळा-कॉलेजात ज्यांना ते भाषण अभ्यासाला होतं त्यांनी परत काढून बघा, भाड्याचा रेंट डोक्यात ठेवून वाचलं तर त्या ओळीचा काही पत्ताच लागत नाही.

फाटणे नाही, फाडणे

मराठीत आपल्याकडे सुंदर जोड्या आहेत, फाटणे-फाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. एकात आपोआप घडतं, दुसऱ्यात कोणीतरी करतं. इंग्रजी टेअर दोन्हीकडे चालतं, 'माय शर्ट टोर' म्हणजे फाटला आणि 'आय टोर माय शर्ट' म्हणजे फाडला. रेंड आजच्या इंग्रजीत जवळजवळ नेहमी फाडणेच्या बाजूला असतं, त्याला कर्ता लागतो आणि कर्मही लागतं, कोणीतरी काहीतरी फाडतंय. 'माय शर्ट रेंट' असं आज लिहिलं तर वाचणारा पुढचा शब्द शोधत बसेल.

जुन्या इंग्रजीत मात्र फाटणे या अर्थानेही चालायचं, आणि दोन्ही एकाच जागी बघायचे असतील तर 1611 च्या किंग जेम्स बायबलमधला शौल राजाचा प्रसंग काढा. देवाने शौलाला नाकारलंय हे सांगून शमुवेल संदेष्टा पाठ फिरवून निघतो, शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो, आणि तो काठ फाटतो, 'अँड इट रेंट'. इथे कोणी मुद्दाम फाडलेला नाही, हिसक्याने फाटलाय. लगेच पुढच्या ओळीत शमुवेल वळून म्हणतो की परमेश्वराने आज इस्राएलचं राज्य तुझ्यापासून फाडून घेतलंय, तिथे पण रेंटच. कापड फाटलं, राज्य फाडलं, क्रियापद एकच. झग्याचा तो तुकडा हातात धरून उभ्या असलेल्या शौलाला हे ऐकावं लागतं. हा प्रसंग वाचला की रेंडला किती मोठी वस्तू कर्म म्हणून चालते ते कळतं, आणि 'रेंड समथिंग फ्रॉम समवन', म्हणजे हिसकावून वेगळं करणे, हा वापरही कायमचा डोक्यात राहतो.

बायबलमधून हा शब्द समजून घेणं का सोपं जातं

इंग्रजीत रेंड टिकून राहिलं त्यात किंग जेम्स बायबलचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत आहे, कारण त्यात हे क्रियापद जागोजागी आहे. दुःख झालं की अंगावरचं वस्त्र फाडायचं ही त्या समाजातली रीत होती. योसेफाचा रक्तात बुडवलेला झगा भाऊ बापापुढे आणतात तेव्हा याकोब आपली वस्त्रं फाडतो आणि कमरेला गोणपाट गुंडाळतो. मुलंबाळं गेल्याची बातमी कळल्यावर ईयोब उठून झगा फाडतो. ही रीत ज्यू लोकांमध्ये आजही आहे, तिला केरिया म्हणतात, जवळचं माणूस गेलं की अंत्यविधीच्या वेळी उभं राहून कपडा फाडायचा, आईवडिलांसाठी डाव्या बाजूला म्हणजे काळजावर, बाकी नातेवाइकांसाठी उजव्या बाजूला, आणि आईवडिलांसाठी फाडलेला कपडा नंतर कधीच पूर्वीसारखा नीट शिवायचा नाही अशी परंपरा आहे. आता बरेच जण कपड्याऐवजी छातीवर काळी फीत लावून ती कापतात.

मग योएलच्या पुस्तकात ती प्रसिद्ध ओळ येते, 'रेंड युअर हार्ट, अँड नॉट युअर गार्मेंट्स', म्हणजे कपडे फाडून दाखवू नका, काळीज फाडा, खरा पश्चात्ताप करा. हिब्रूत तिथे जे क्रियापद आहे ते केरियाच्याच मूळ धातूचं आहे. या ओळीत आपल्याला हवं ते सगळं आहे, खरं कापड पण आहे आणि न दिसणारं काळीज पण आहे.

आता यातून शिकायचं काय ते सांगते. 1978 मध्ये पूर्ण बायबलचं न्यू इंटरनॅशनल व्हर्जन आलं, आजच्या इंग्रजीत केलेलं. त्या भाषांतरकारांनी जुन्या रेंडचं काय केलं ते शेजारी शेजारी ठेवून बघा, मला तर याहून चांगला धडा दुसरा सापडलेला नाही. योसेफाला भावांनी ज्या विहिरीत टाकलेलं असतं तिथे त्याचा भाऊ रऊबेन परत येतो आणि योसेफ आत नाही हे बघून कपडे फाडतो, तिथे जुन्यात रेंट होतं, नव्यात 'टोर' केलंय. उपदेशकाच्या पुस्तकात 'फाडण्याची वेळ असते, शिवण्याची वेळ असते' तिथे रेंड जाऊन टेअर आलंय. येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, जुन्यात 'रेंट इन ट्वेन', नव्यात 'टॉर्न इन टू', आणि त्याच ओळीत खडक फुटतात त्याला जुन्यात रेंट आणि नव्यात 'स्प्लिट'. पण योएलची काळजाची ओळ? तिथे रेंड तसंच ठेवलंय. आणि यशयाच्या पुस्तकात 'आकाश फाडून खाली ये' अशी देवाला घातलेली साद आहे, तिथेही 'रेंड द हेवन्स' तसंच ठेवलंय. म्हणजे कापड, पडदा, खडक यांना साधी क्रियापदं मिळाली आणि काळीज आणि आकाश यांना रेंड राहिलं. आजच्या इंग्रजीत रेंडची जागा नेमकी हीच आहे. हाताने धरता येईल अशी वस्तू असेल तर टेअर घ्या, आणि हातात न मावणारं काही फाटत असेल तर रेंडचा विचार करा.

कोणाकोणाबरोबर चालतं

फाडणारा कोण, हे आधी बघायचं. रेंडचा कर्ता बहुतेक वेळा माणूस नसतोच, किंकाळी असते, स्फोट असतो, वीज, दुःख, युद्ध, यादवी, दंगल. माणूस कर्ता असला तर तो शोकात तरी असतो नाहीतर संतापात. जनावर चालतं, पंजे आणि दात असलेलं, डुकरांपुढे मोती टाकू नका ही जी म्हण आहे तिच्या मूळ वाक्याच्या शेवटीच ती उलटून तुम्हाला फाडतील असं आहे आणि तिथेही जुन्या इंग्रजीत रेंडच आहे. पण शिंपी कर्ता असेल, पोस्टमन असेल, तिकीट चेकर असेल तर रेंड बसत नाही. कात्रीने कापणं, टराटरा कागद फाडणं, चेकबुकातलं पान फाडून देणं, यातलं काही रेंड नाही.

मग काय फाडतात ते. हवा, आकाश, रात्र आणि शांतता, हे चार तर कायमचे. 'अ स्क्रीम रेंट द नाइट', 'अ गनशॉट रेंट द सायलेन्स'. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी यातलं 'रेंट द एअर' उचललं आणि ते आनंदाच्या घोषणांनाही लावलं, ज्ञानबा-तुकारामाच्या गजराला, क्रिकेट जिंकल्यावरच्या जल्लोषाला, मोर्चाला, सभेला. परदेशी लिखाणात ते जास्त करून किंकाळी, स्फोट, सायरन अशा अंगावर काटा आणणाऱ्या आवाजासाठी येतं. आपला वापर चूक आहे असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं इतक्या लोकांनी लिहिलाय की तो भारतीय इंग्रजीचा भागच झालाय, फक्त अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या वाचकासाठी लिहिताना जल्लोषाला 'फिल्ड द एअर' घ्या, त्याला पटकन पोचेल. कानठळ्या बसवणारा आवाज असेल तर मात्र 'इअर-स्प्लिटिंग', तिथे रेंडिंग लावत नाहीत.

दुसरं मोठं कुटुंब म्हणजे देश, समाज, पक्ष, घर. 'द कंट्री वॉज रेंट बाय सिव्हिल वॉर', 'अ फॅमिली रेंट बाय ग्रीफ'. इथे बहुतेक वेळा पॅसिव्ह असतं आणि मागे 'बाय' येतं. सोबत 'अपार्ट', 'इन टू' किंवा 'असंडर' येऊ शकतं. असंडर म्हणजे तुकडे वेगवेगळे होऊन पडणं, 'रेंट असंडर' म्हणजे पार दुभंगलेलं. हा शब्द ख्रिश्चन लग्नातल्या त्या वाक्यात पण ऐकला असेल, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, तिथे 'पुट असंडर' असतं.

तिसरं काळीज. हार्ट-रेंडिंग हे विशेषण किंकाळीला, हंबरड्याला, विनवणीला, दृश्याला, पत्राला लागतं. एखाद्या माणसाला हार्ट-रेंडिंग म्हणत नाहीत, त्याच्या कहाणीला म्हणतात. मराठीत आपण हृदयद्रावक म्हणतो, पण त्यात काळीज विरघळतं आणि हार्ट-रेंडिंगमध्ये फाटतं, म्हणून जिथे जोर हवा तिथे मी काळीज चिरणारा असं करते. हार्टब्रेकिंग हा हलका आहे, सिनेमाचं तिकीट मिळालं नाही तरी मुलं हार्टब्रेकिंग म्हणतात. हार्ट-रेंडिंग तसं वापरू नका, तो मृत्यू, ताटातूट, उपासमार यांच्यासाठी राखून ठेवा.

आणि एक वापर हल्लीच्या राजकीय लेखांमध्ये खूप दिसतो, 'रेंडिंग ऑफ गार्मेंट्स'. निवडणूक हरल्यावर किंवा बजेट आल्यावर टीव्हीवर जी मोठी रडारड चालते तिला उद्देशून हे येतं, म्हणजे लोकांना दिसावं म्हणून केलेला शोक. याला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे, ऊर बडवणे. भाषांतर करताना कपडे फाडणे असं शब्दशः केलं तर मराठी वाचकाला भलतंच काहीतरी डोळ्यापुढे येईल, ऊर बडवून घेतला असं केलं की काम झालं.

शेजारचे शब्द, कधी कोणता घ्यायचा

टेअर सगळीकडे चालतं, शंका आली की टेअर घ्या, कधी चुकणार नाही. लिगामेंट टेअर, हॅमस्ट्रिंग टेअर, एमआरआय रिपोर्टमध्ये हेच असतं, तिथे रेंड लिहिणारा डॉक्टर तुम्हाला सापडणार नाही. रिप म्हणजे एका झटक्यात, खसकन. श्रेड म्हणजे चिंध्या किंवा बारीक पट्ट्या.

लॅसरेट हे कातडी आणि मांस फाटण्यासाठी, लॅटिनमधून आलेलं. अपघाताच्या किंवा मारामारीच्या केसमध्ये सरकारी दवाखान्याचा मेडिकोलीगल कागद हातात आला तर त्यावर सीएलडब्ल्यू अशी तीन अक्षरं असतात, ती म्हणजे 'कंट्यूज्ड लॅसरेटेड वूंड', बोथट वस्तूच्या माराने कातडी ठेचून फाटलेली जखम. चाकूने झालेली सरळ कडांची जखम ती 'इन्साइज्ड वूंड', म्हणजे कापलेली. कोर्टात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण लाकडी दांडक्याने मारलं की धारदार शस्त्राने, हे त्या एका शब्दावरून कळतं. कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करणाऱ्यांनी दोन्हीला नुसतं 'जखम' करून टाकू नये ही माझी हात जोडून विनंती आहे.

राइव्ह हा रेंडहूनही दुर्मिळ. उच्चार ड्राइव्हसारखा, पण रूपं तशी नाहीत, राइव्ह, राइव्ह्ड, रिव्हन. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला, आणि रिफ्ट म्हणजे भेग किंवा फूट हा शब्द त्याचा सख्खा नातेवाईक. आज त्यातलं फक्त रिव्हन जिवंत आहे, 'अ पार्टी रिव्हन बाय फॅक्शन्स', गटबाजीने पोखरलेला, दुफळी माजलेला पक्ष. मूळ अर्थ मात्र लाकडाचा आहे, ओंडका रेषेरेषेने फोडणे, आपण कुऱ्हाडीने लाकूड फोडतो तसं. करवतीने चिरलेलं लाकूड वेगळं, त्यात रेषा मध्येच कापल्या जातात, फोडलेल्या फळीत त्या सलग राहतात म्हणून ती जास्त मजबूत. सुतारकामाच्या टेबल सॉवर पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते तिला 'राइव्हिंग नाइफ' म्हणतात, ती कापलेली फट मिटू देत नाही, त्यामुळे लाकूड पात्याला आवळत नाही आणि उलटं अंगावर फेकलं जात नाही. घरी टेबल सॉ वापरणाऱ्यांनी ती काढून ठेवू नये.

क्लीव्ह पण फाडण्या-फोडण्याचंच, त्याची क्लेफ्ट आणि क्लोव्हन ही रूपं ओळखीची असतील, दुभंगलेल्या ओठाला क्लेफ्ट लिप आणि गाई-म्हशींच्या दुभंगलेल्या खुराला क्लोव्हन हूफ म्हणतात. पण मागे 'टू' आलं की अर्थ एकदम उलटा, 'क्लीव्ह टू' म्हणजे चिकटून राहणे. वाचताना सांभाळा, लिहिताना टाळलेलं बरं.

आता हात चालवून बघा

मराठी वाक्य घ्यायचं आणि कुठलं क्रियापद लागेल ते ठरवायचं, सरावाची मला ही एकच पद्धत भरवशाची वाटते. 'पार्सल फाटलेलं आलं', इथे टॉर्न, ऑफिसच्या किंवा तक्रारीच्या मेलमध्ये रेंट लिहिलंत तर कस्टमर केअरवाला भाड्याबद्दलच समजेल. 'मध्यरात्री स्फोटाने सगळी वस्ती हादरली', इथे 'ऍन एक्स्प्लोजन रेंट द नाइट' झकास बसतं. 'लेकाला पाहून आईने हंबरडा फोडला', 'हर क्राय रेंट द एअर' किंवा 'अ हार्ट-रेंडिंग क्राय', दोन्हीपैकी एकच घ्या, एका परिच्छेदात दोनदा रेंड आलं की दोन्हीचा जोर जातो. '1947 च्या फाळणीने पंजाब आणि बंगाल दुभंगले', 'पार्टिशन रेंट पंजाब अँड बेंगॉल', इथे मला टेअरपेक्षा रेंडच योग्य वाटतं, घरंदारं, गावं, नाती सगळंच त्यात फाटलं, आणि एवढं वजन उचलायला हे क्रियापद आहे. 'पुढाऱ्यांनी निकालानंतर ऊर बडवून घेतला', वर सांगितलेलं रेंडिंग ऑफ गार्मेंट्स.

काही वाक्यांत फाटणे दिसतं म्हणून हात रेंडकडे जातो, तिथे आवरायचं. 'आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार' यातलं आभाळ फाटणं म्हणजे सावरता न येणारं संकट, त्याला 'द स्काय वॉज रेंट' केलं तर इंग्रजी वाचकाला वीज चमकली असं वाटेल, तिथे सरळ संकटाबद्दल बोला. 'दूध फाटलं' ला स्प्लिट किंवा कर्डल्ड. 'फाटक्या तोंडाचा' हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात कुठलंच टेअर-रेंड येत नाही. 'डोळे फाडून बघत होता' म्हणजे स्टेअर, डोळे विस्फारून. 'टाचा फुटल्या' ला क्रॅक्ड हील्स.

आणि 'बाही उसवली' असेल तर टेअरसुद्धा घेऊ नका, कारण कापड शाबूत आहे, फक्त टाके गेलेत, 'द सीम केम अनडन' म्हणा, टेलरला लगेच कळेल की रफू नाही, नुसती एक शिवण मारायची आहे.